छोट्या कॅम्पर गाडीसाठी सोलर आणि बॅटरी किती घ्यावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली सगळी गणितं मारुती ईकोच्या आकाराच्या, दोन माणसं झोपतील अशा गाडीची आहेत. मोठी ट्रॅव्हलर असेल तर आकडे वाढतील, पद्धत हीच राहील.

आधी काय ठरवायचं, प्लेट की बॅटरी?

दोन्ही नंतर. आधी रोजचा वापर मोजायचा. दुकानात गेलात की पहिला प्रश्न "किती वॅटची प्लेट दाखवू?" असाच येतो आणि इथेच बहुतेकांचं गाडं भलत्या दिशेला जातं. छत तेवढंच असतं, त्यामुळे प्लेट एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही. बॅटरी वाढवता येते, पण ती भरायला वीज कुठून आणणार? हातात खरं तर वापरच असतो, म्हणून कागद-पेन घेऊन तिथूनच सुरुवात करा.

वॅट, अँपिअर, एएच... यातलं नेमकं काय मोजायचं?

युनिट. महावितरणच्या बिलावर असतं तेच. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. २० वॅटचा पंखा १० तास चालला तर २०० वॅट-तास, म्हणजे युनिटचा पाचवा हिस्सा.

बॅटरीवर एएच (अँपिअर-तास) लिहिलेलं असतं, त्याला व्होल्टेजने गुणायचं. १२.८ व्होल्टची १०० एएच लिथियम बॅटरी म्हणजे १२८० वॅट-तास, साधारण सव्वा युनिट. घरात एक टनाचा एसी दीड-दोन तासांत जेवढी वीज खातो, तेवढीच. हा आकडा पाहून थोडी निराशा होते; ती आधीच झालेली बरी.

दोन माणसांना रोज किती वीज लागते?

उन्हाळ्यातला, फ्रिज असलेला हिशोब असा. ४० लिटरचा १२ व्होल्ट कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४५ ते ६० वॅट घेतो. तो सतत चालत नाही, थांबून थांबून चालतो; पण बाहेर ३५-३८ अंश असतील तर थांबण्याचा वेळ कमी होतो. दिवसाला ५५० वॅट-तास धरा. रात्री ९ तास २० वॅटचा डीसी, म्हणजे थेट बॅटरीवर चालणारा पंखा, १८०. दोन एलईडी पट्ट्या संध्याकाळी चार तास, ३० च्या आसपास. दोन फोन, आणखी ३०. लॅपटॉप एकदा पूर्ण चार्ज, ७०. पाण्याचा छोटा पंप दिवसभरात मोजून काही मिनिटं चालतो, त्याचे १०.

बेरीज ८७०. वायरमध्ये आणि चार्जरमध्ये जाणारी वीज म्हणून त्यावर दहा टक्के चढवा. म्हणजे साधारण ९६० वॅट-तास, जवळजवळ एक युनिट.

आता या यादीतून फ्रिज काढा. राहतात ३२०, दहा टक्के धरून ३५०. एका फ्रिजने हिशोब जवळजवळ तिप्पट होतो. म्हणून "आमच्या गाडीला किती लागेल?" असं कुणी विचारलं की आमचा उलट प्रश्न एकच असतो, फ्रिज आहे का?

मग फ्रिज घ्यावा की नाही?

शनिवार-रविवार भंडारदरा किंवा काशीदला जाणाऱ्यांना आम्ही नको म्हणतो. चांगल्या आइसबॉक्सात बर्फाची लादी दीड-दोन दिवस टिकते, दूध-दही गावात मिळतं. ज्यांना आठवडाभर फिरायचं आहे, मासे-मटण ठेवायचं आहे किंवा इन्सुलिनसारखं औषध सोबत आहे, त्यांनी घ्यावा आणि बाकी सगळी जुळणी त्याच्याभोवती करावी.

घेतलाच तर झाकण वर उघडणारा घ्या, समोर दार असलेला नको. वरून उघडलं की गार हवा तळाशीच राहते. त्याच्या जाळीभोवती चार बोटं मोकळी जागा ठेवा. घरून निघायच्या आदल्या रात्री घरच्याच विजेवर तो गार करून घ्या आणि सामानही थंड करूनच भरा. एवढ्यावर पहिल्या दिवसाचा वापर बराच खाली येतो.

बॅटरी किती एएचची?

फ्रिजवाल्यांना १०० एएच लिथियम, म्हणजे एलएफपी किंवा लिथियम फेरो फॉस्फेट. तिचे ९० टक्के वापरले तर ११५० वॅट-तास मिळतात. एक थेंबही सूर्य नसला तरी एक रात्र आणि पुढचा दिवस निघतो. फ्रिज नसलेल्यांना ५० एएच पुरते.

२०० एएच घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण २०० वॅटची प्लेट ती भरायला चार दिवस घेईल, तेही तुम्ही काहीच वापरलं नाही तर. मोठ्या बॅटरीचे पैसे चार्जिंगच्या दुसऱ्या सोयीवर घातलेले जास्त कामी येतात. त्याबद्दल पुढे येतंच.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी पडून आहे. ती चालेल का?

चालेल म्हणजे दिवे लागतील. पण गाडीत ठेवू नका. १५० एएचची ट्यूब्युलर भरल्यावर ५० किलोच्या वर जाते, १०० एएचची लिथियम ११ ते १३ किलोत बसते. ट्यूब्युलर निम्म्याच्या खाली सारखी उतरवली तर लवकर मरते, म्हणजे वापरायला निम्मीच. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि तुम्ही त्याच डब्यात काचा लावून झोपणार. शिवाय घाटात आतलं ॲसिड डचमळतं. पडून असलेली बॅटरी फुकट वाटते, पण ती घरीच बरी.

लिथियम घेताना दोन गोष्टी विचारा. बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट, किती अँपिअरचं आहे आणि शून्य अंशाखाली ते चार्जिंग तोडतं का. जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून बनवलेले स्वस्त पॅक मिळतात. त्यांची रसायनं वेगळी असतात, बिघडले तर पेट घेण्याची शक्यता एलएफपीपेक्षा जास्त असते. झोपायच्या जागेखाली ते नकोत.

छतावर किती वॅट बसेल? एक मोठी प्लेट की दोन छोट्या?

ईको ३६७५ मिलिमीटर लांब आणि १४७५ रुंद. पुढची काच, उतार आणि कडा वजा केल्या की सपाट छत त्याहून बरंच कमी उरतं. १०० वॅटच्या दोन प्लेट आरामात बसतात, जागा उरते आणि छतावरून हवा काढणारा पंखाही बसवता येतो.

घरांच्या गच्चीवर लागते ती ५४० वॅटची प्लेट वॅटमागे सर्वांत स्वस्त पडते, म्हणून अनेकांची नजर तिच्यावर असते. ती साधारण २.२८ मीटर लांब, १.१३ मीटर रुंद आणि २८ किलोच्या पुढे. दोन्हीकडून काच असलेली तर त्याहून जड. टेप लावून बघितलं तर बसेलसं वाटतं. पण कॅरिअरसकट ४० किलो छतावर गेले की उंच, अरुंद गाडी ताम्हिणीच्या वळणांवर कशी डुलते ते चालवणाऱ्याला कळतं. समोरून वारा आत शिरला की तेवढा मोठा पत्रा उचलायला बघतो, तेही आहेच. मधला मार्ग म्हणून ३३५-३५० वॅटची एक प्लेट काहीजण लावतात, तिचं वजन २० किलोच्या थोडं वर. आठवडे-आठवडे फिरणाऱ्याला ती ठीक आहे. बाकीच्यांना दोन छोट्या.

चिकटवायच्या वाकणाऱ्या प्लेट दिसायला छान, वजनाला हलक्या. पण खाली हवा खेळत नाही, मे महिन्यात तापून निघतात आणि काचेच्या प्लेटइतक्या वर्षं टिकत नाहीत.

२०० वॅटच्या प्लेटमधून २०० वॅट का येत नाहीत?

तो आकडा प्रयोगशाळेतला, प्लेटचं तापमान २५ अंश असताना काढलेला. एप्रिलमध्ये दुपारी छतावरची प्लेट ६५ अंशांवर सहज जाते. दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज कमी होते, म्हणजे इथेच १५ टक्के गेले. त्यात प्लेट आडवी, सूर्याकडे तोंड नाही. वर धूळ. १३०-१४० वॅट दिसले तर प्लेट उत्तम चालली आहे असं समजा.

दिवसाचा अंदाज असा काढा : प्लेटचे वॅट गुणिले ५ तास गुणिले ०.७. २०० वॅटचे ७०० वॅट-तास. महाराष्ट्रात नोव्हेंबर ते मे हा आकडा बहुतेक दिवशी खरा ठरतो. डिसेंबरात थोडा कमी, मार्च-एप्रिलमध्ये थोडा जास्त.

वरच्या हिशोबाशी जोडून बघा. वापर ९६०, मिळकत ७००, रोजची तूट २६०. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर एकाच जागी तीन रात्री सहज निघतात. फ्रिज नसलेल्याला १०० वॅटची एक प्लेट ३५० देते आणि त्याचा वापरही ३५०. त्याचा हिशोब तिथेच मिटला.

सावलीत गाडी लावली तर?

कोकणातला हा रोजचा पेच. उन्हात गाडी लावली तर आत बसवत नाही, माडाखाली लावली तर प्लेट उपाशी. (आणि माडाखाली काच घेऊन थांबणं याच्यातला दुसरा धोका वेगळा सांगायला नको.) अर्ध्या प्लेटवर फांदीची सावली पडली तरी वीज निम्म्याहून खूप खाली जाऊ शकते, कारण सेल एकामागे एक जोडलेले असतात. छतावर दोन प्लेट असतील तर त्या समांतर जोडा. मग एकीवर सावली आली तरी दुसरी चालू राहते.

आमचा आवडता उपाय म्हणजे छतावर १०० आणि घडी घालून ठेवता येणारी १०० वॅटची सुटी प्लेट, तिला सहा मीटर वायर. गाडी सावलीत, प्लेट उन्हात, सूर्याकडे तिरकी. कोन मिळाल्यामुळे ती छतावरच्या बहिणीपेक्षा जास्त देते. जेवायला गावात गेलात तर मात्र आत टाकून जा.

जुलैत कोकणात किंवा सह्याद्रीत काय होतं?

सोलर जवळजवळ संपतं. दाट ढगांत प्लेट तिच्या आकड्याच्या १० ते २५ टक्केच देते. २०० वॅटच्या प्लेटमधून दिवसाला २०० ते ३०० वॅट-तास मिळाले तर नशीब म्हणायचं. आंबोलीच्या धुक्यात तेही नाही. पावसाळ्यात फ्रिज थोडा कमी खातो, पण पंखा जास्त वेळ लागतो, कारण खिडक्या बंद आणि आत दमट. रोजची तूट ७०० च्या आसपास जाते आणि १०० एएच बॅटरी दीड दिवसात तळाला लागते.

इथे प्लेट दुप्पट करून काही होत नाही. जवळजवळ काहीच नाही, ते दुप्पट केलं तरी जवळजवळ काहीच नाही. पावसाळ्यात फिरणाऱ्याने पैसे इंजिनकडून आणि भिंतीतल्या प्लगकडून वीज घेण्यावर घालावेत.

गाडी चालताना बॅटरी कशी भरायची?

डीसी-टू-डीसी चार्जरने, म्हणजे चालत्या इंजिनची वीज योग्य व्होल्टेजला आणून लिथियममध्ये भरणाऱ्या डब्याने. २० अँपिअरचा चार्जर तासाला साधारण २६० वॅट-तास टाकतो. वर जी रोजची २६० ची तूट निघाली, ती एक तास गाडी चालवली की भरते. जुलैतली ७०० ची तूट पावणेतीन तासांत. पुणे ते गुहागर एवढ्या प्रवासात बॅटरी आपोआप वर येते. फिरणाऱ्या माणसासाठी यासारखी उपयोगी वस्तू दुसरी नाही आणि नेमकी हीच बहुतेकांच्या यादीत शेवटी असते.

साधा रिले (विजेवर चालणारा स्विच) लावून गाडीची बॅटरी आणि लिथियम थेट जोडू नका. रिकामी लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते. गाडी ट्रॅफिकमध्ये उभी असेल तेव्हा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, कमी फिरतो, त्याला वाराही कमी मिळतो आणि तो तापतो. शिवाय बऱ्याच बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज इंजिनचा कॉम्प्युटर वरखाली करतो, त्यामुळे लिथियम कधीच पूर्ण भरत नाही. डीसी-टू-डीसी दोन्ही गोष्टी सांभाळतो. ४० अँपिअरचा घेण्याआधी अल्टरनेटर किती अँपिअरचा आहे ते बघा. त्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त मागू नये.

आणि भिंतीतल्या प्लगवर?

१० अँपिअरचा लिथियम चार्जर सोबत ठेवा. लॉजच्या आवारात किंवा ओळखीच्यांच्या अंगणात रात्री लावला तर आठ तासांत साधारण एक युनिट भरतो, म्हणजे तुमचा पूर्ण दिवस. अख्ख्या यादीतली ही सर्वांत स्वस्त वस्तू.

इंडक्शन, केटल, मिक्सर, एसी यांतलं काय चालेल?

एसी नाही. छोटा इन्व्हर्टर एसीही रात्रभरात चार-पाच युनिट मागेल, म्हणजे अशा चार बॅटऱ्या, आणि छत देणार पाऊण युनिट.

इंडक्शनवर कुकर, भाजी आणि पोळ्या एवढा स्वयंपाक केला तर अर्धा ते पाऊण युनिट एका वेळेला. जेवण गॅसवर करा, मागचं दार उघडून, शक्य तर गाडीबाहेर. बंद गाडीत शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो आणि त्याला वास नसतो.

चहापुरती केटल मात्र परवडते. २५ अंशांचं एक लिटर पाणी उकळायला ८७ वॅट-तास लागतात, इन्व्हर्टरसकट शंभर. दोघांचा दोन वेळचा चहा अंदाजे तेवढ्यात होतो. अडचण वेगळीच आहे : घरची १५०० वॅटची केटल १०० अँपिअरच्या बीएमएसला झेपत नाही, ते १२८० वॅटच्या वर तोडून टाकतं. ६०० वॅटची प्रवासी केटल घ्या. मिक्सर तीन मिनिटं चालतो, २५ वॅट-तास. खोबऱ्याच्या चटणीला आमची हरकत नाही.

इन्व्हर्टर किती वॅटचा?

खरं तर लागतोच का ते बघा. पंखा, दिवे, फ्रिज, पंप १२ व्होल्टवर चालतात. फोन आणि बरेच लॅपटॉप यूएसबी-सी पीडीवर, म्हणजे जास्त वॅट देणाऱ्या यूएसबीवर चार्ज होतात. केटल-मिक्सरसाठी १००० वॅटचा प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी वीज देणारा) पुरतो. वापर झाला की बंद करा. नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर १०-१५ वॅट खातो, दिवसाला २४० ते ३६० वॅट-तास. म्हणजे रात्रभरच्या पंख्याहून जास्त वीज कशासाठी गेली ते कळतही नाही.

चार्ज कंट्रोलर एमपीपीटी की पीडब्ल्यूएम?

कंट्रोलर म्हणजे प्लेट आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा डबा. पीडब्ल्यूएम हा साधा प्रकार, एमपीपीटी प्लेटमधून जास्तीत जास्त वीज काढणारा. घ्यायचा एमपीपीटी, आणि त्यावर एलएफपीचं सेटिंग हवं. १०० वॅटच्या दोन प्लेट समांतर असतील तर ७५ व्होल्ट, १५ अँपिअरचा पुरतो. मोठ्या घरगुती प्लेटचं उघडं (काहीच जोडलेलं नसतानाचं) व्होल्टेज ५० च्या जवळ जातं, तिथे १०० व्होल्ट, ३० अँपिअरचा घ्या. जोडताना आधी बॅटरी, मग प्लेट, काढताना उलट.

घराचं वायरिंग करणाऱ्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं तर चालेल ना?

त्याच्यासोबत बसा, एकट्यावर सोडू नका. हात चांगला असतो, पण अंदाज २३० व्होल्टचा असतो. घरात १००० वॅट म्हणजे चार-साडेचार अँपिअर, दीड एमएमची (चौरस मिलिमीटरची) वायर पुरते. १२ व्होल्टवर तेच १००० वॅट इन्व्हर्टरच्या तोट्यासह ९० अँपिअरपर्यंत जातात. तिथे २५ एमएमची केबल लागते, आणि तीही मीटरभराच्या आत.

फ्रिजचं उदाहरण घ्या. तो फक्त ५ अँपिअर घेतो. बॅटरीपासून चार मीटरवर दीड एमएमच्या वायरने जोडला तर जाऊन-येऊन जवळजवळ अर्धा व्होल्ट वायरमध्येच पडतो. फ्रिजला वाटतं बॅटरी संपत आली आणि तो पहाटे बंद होतो. मालक नवी बॅटरी आणायला निघतो. ४ एमएमची वायर टाकली तर पडझड ०.२ व्होल्टच्या आत येते. "बॅटरी टिकत नाही" म्हणून आलेल्या गाड्यांमध्ये आम्ही पहिल्यांदा ही वायर बघतो.

फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभराच्या आत. तो उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर जेवढा करंट झेलू शकते त्याहून कमी आकड्याचा. इन्व्हर्टरच्या लाइनला एएनएल किंवा मेगा (बोल्टने बसणारा मोठा) फ्यूज, बाकीच्या प्रत्येक लाइनला गाडीत असतो तसा ब्लेड फ्यूज. घरातला २३० व्होल्ट एसी करंटचा एमसीबी इथे लावू नका, बॅटरीच्या डीसी करंटची ठिणगी (आर्क) तो भरवशाने तोडत नाही. थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) पक्कडीने चेपू नका, क्रिंपिंगचं हत्यार वापरा. खडखडणाऱ्या रस्त्यावर सैल जोड तापतो.

बॅटरी कुठे ठेवायची?

ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे ती जागा नको. मागच्या चाकांच्या मध्ये, खाली, पट्ट्याने घट्ट बांधून. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात बंद गाडीचा आतला भाग फार तापतो. एलएफपी सेलना साधारण ४५ अंशांपर्यंत चार्जिंग सोसतं, त्यापुढे काही अंश गेलं की अनेक बीएमएस चार्जिंग थांबवतात. दुपारी "सोलर बंद पडलं" असा फोन येतो तो बहुधा यामुळे.

स्पिती-लडाखला उलटा त्रास. शून्याखाली लिथियम चार्ज केली तर सेल कायमचे खराब होतात. बॅटरी केबिनच्या आतच ठेवा आणि पहाटे निघताना डीसी-टू-डीसी बंद ठेवून आधी गाडी आतून ऊबदार होऊ द्या. बाकी तिथलं ऊन कडक आणि हवा थंड, प्लेट इथल्यापेक्षा चांगली चालते.

किती टक्के उरली ते व्होल्टमीटरवर दिसतं का?

लिथियमवर नाही. ९० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत ती १३.२-१३.३ व्होल्टच्या आसपास रेंगाळते आणि मग झपकन खाली येते. शंट असलेला मीटर लावा, तो आत-बाहेर जाणारा करंट मोजतो.

यापेक्षा तयार पॉवर स्टेशन का घेऊ नये?

वर्षातून मोजक्या वेळा जाणार असाल तर जरूर घ्या. एक युनिटच्या आसपासचा डबा, घडीची प्लेट, कुठेही भोक पाडायला नको आणि घरी लोडशेडिंगलाही कामाला येतो. तोटे दोन. गाडीच्या लायटर सॉकेटमधून तो १०० वॅटच्या आसपासच घेतो, म्हणजे भरायला दहा तास. आणि आतलं एक काही बिघडलं की अख्खा डबा दुरुस्तीला जातो.

आरटीओची परवानगी लागते का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कडकपणे मांडलं. सीट काढणं, बॉडी कापणं, छत उंच करणं हे त्यात येतं. म्हणून आम्ही सगळी वीज एका पेटीत बसवतो. ती चार बोल्टवर उभी राहते आणि काढून ठेवता येते, प्लेट कॅरिअरवर. तरी आपल्या आरटीओत आणि विमा कंपनीला आधी विचारून घ्या, नंतर दावा नाकारला गेला तर प्लेटची किंमत क्षुल्लक वाटेल.

दोन-तीन महिने गाडी उभी राहणार असेल तर?

बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवा, पूर्ण भरून नको. मुख्य स्विच बंद करा, प्लेटची वायरही सोडवा. फ्रिजचं झाकण चमच्याएवढी फट ठेवून उघडं राहू द्या, नाहीतर बुरशी येते. महिन्यातून एकदा मीटर बघा. २० टक्क्यांच्या खाली असेल तर त्या दिवशी चार्जर लावा.